डिजिटल ट्विन (इमारतींचे)

इमारतीची संगणकातली जिवंत प्रतिकृती. त्रिमितीय आराखड्याला पंप, लिफ्ट, टाक्या, वीजमीटर यांवरच्या सेन्सरांकडून सतत माहिती मिळत राहते. ती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर असल्याने सोसायटीचा सेक्रेटरी, प्लंबर आणि लिफ्टचा तंत्रज्ञ एकच चित्र पाहतात. इमारतीत बदल झाला आणि आराखडा तसाच राहिला, तर त्याला ट्विन म्हणता येत नाही. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली ती कारखान्यातल्या उत्पादनांसाठी. महाराष्ट्रात महामेट्रोने नागपूर मेट्रो उभारताना आराखड्याला वेळापत्रक व खर्च जोडणारी ‘फाइव्ह-डी बिम’ पद्धत वापरली. ती याच घराण्यातली.

मुंबईतल्या गिरगाव, लालबाग, परळ भागाला या तंत्राची गरज मोठी आहे. इथल्या ‘अ’ वर्गातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. कित्येकांचे खांब-तुळया लाकडी, मूळ नकाशे हरवलेले, मोऱ्या हलवलेल्या, पोटमाळे वाढवलेले. म्हणून सुरुवात लेझर स्कॅनरने मोजणी करण्यापासून होते. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पण तुळईत पाणी मुरते ते त्यानंतरचे चार महिने. भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी तडकली की भेग वाढते आहे हे कळते. भेग मोजणारा सेन्सर हेच काम रात्रंदिवस करतो आणि इशारा थेट अभियंत्याच्या फोनवर जातो. जीर्ण चाळीत एवढे जरी झाले तरी मोठे काम होईल. मात्र सेन्सर टेकू देत नाही. इशाऱ्यानंतर घरे रिकामी करायला संक्रमण शिबिरात जागा लागतेच.

पुनर्विकसित टॉवरात प्रश्न वेगळा. अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचे छत ओले होते, प्लंबर डक्टमध्ये उतरून एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहतो आणि अख्ख्या विंगचे पाणी जाते. ट्विनमध्ये कोणती उभी पाइपलाइन कुठल्या व्हॉल्व्हवर चालते हे दिसते. चाळीत ही माहिती पंप चालवणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाला तोंडपाठ असे. अग्निशमन यंत्रणेच्या ‘फॉर्म बी’ या प्रमाणपत्रासाठी जानेवारी आणि जुलैत लागणाऱ्या तपासणीच्या नोंदीही इथेच ठेवता येतात.

ताबा घेतानाच सोसायटीने हे मॉडेल ‘आयएफसी’ या खुल्या स्वरूपात मागून घ्यावे. ते विकासकाच्या खात्यावरच राहिले, तर त्या खात्याची वर्गणी थांबताच सोसायटीच्या हाती कागदी नकाशे तेवढे उरतात.