दुःखाच्या घरातील नाताळ : ख्रिस्तसभेची उपासना काय सांगते?

आगमनकाळ सुरू झाला की धर्मग्रामाच्या कार्यालयात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "फादर, यंदा आमच्या घरी दुःख झाले आहे. आम्ही नाताळ करावा की नाही?" विचारणारी बहुधा एखादी विधवा भगिनी असते, कधी तरुण मुलगा गमावलेले आईवडील असतात. काहींच्या घरात मृत्यू झालेला नसतो, पण मुले परदेशी असतात, आजारपण रेंगाळलेले असते, किंवा जमिनीच्या वादातून सख्ख्या भावाने उंबरठा वर्ज्य केलेला असतो. शेजारी चांदण्या लागतात, करंज्यांचा वास येतो, नाताळगीते कानावर पडतात आणि मनात मात्र सणाचा लवलेश नसतो. त्यात आणखी एक बोच असते : प्रभूच्या जन्माचा आनंद आपल्याला होत नाही, म्हणजे आपली श्रद्धाच तर कमी पडत नाही ना? ही बोच अनाठायी आहे, आणि ती का अनाठायी आहे याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या नाताळच्या उपासनेतच मिळते, असे आम्हांस वाटते.

आनंदाची आज्ञा आणि तुरुंग

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा वापरण्याची मुभा आहे. हा आनंदाचा रविवार. त्याचे लॅटिन नाव संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील ज्या वचनावरून पडले, त्यात प्रभूमध्ये आनंद करण्यास सांगितले आहे. हे पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो आपल्या बेड्यांचा उल्लेख करतो आणि आपण जगणार की मरणार याचा विचार करतो. ज्याची प्रकृती, परिस्थिती आणि भवितव्य यांपैकी काहीच धड नव्हते, त्याने लिहिलेला हा आनंद आहे. तो मनाच्या उल्हासावर अवलंबून असता तर पौलाला ते वाक्य लिहिताच आले नसते. ख्रिस्ती आनंद एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे : शब्द देही झाला. आपल्याला ते जाणवो अथवा न जाणवो, ते घडलेले आहे.

नाताळच्या वाचनांतील विधवा

२४ डिसेंबरच्या सायंकाळच्या मिस्सासाठी संत मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ नेमलेली आहे. नावांची ती लांबलचक यादी ऐकताना मंडळी जरा चुळबुळ करतात, आणि वाचणाराही अडखळतो. पण या यादीत मरियामातेपूर्वी ज्या चार स्त्रिया येतात, त्यांपैकी तिघी पती गमावलेल्या आहेत. तामारचे दोन पती वारले. रूथ परक्या देशातील विधवा होती. चौथ्या स्त्रीचे तर नावही मत्तय देत नाही, केवळ उरीयाची पत्नी म्हणतो; तिचा पती दावीद राजाने कपटाने मारविला होता. तारणाऱ्याचे घराणे अशा घरांतून पुढे आले आहे.

पुढे ३० डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या अष्टाहातील सहाव्या दिवशी, हन्ना संदेष्ट्रीचा उतारा नेमलेला आहे. लग्नानंतर अवघ्या सात वर्षांत तिचा पती वारला आणि वृद्धापकाळापर्यंत ती मंदिरात राहिली. बाळ येशूला ओळखून त्याच्याविषयी इतरांना सांगणाऱ्यांत ती आहे. आपल्याकडे काही घरांत आजही विधवा स्त्रीला शुभकार्यात मागे ठेवले जाते. तिने बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवू नये, असेही कोणी सुचविते. या प्रथेला ख्रिस्तसभेत कोणताही आधार नाही. हन्नाचा उतारा वाचणाऱ्या धर्मग्रामात तर ती शोभतही नाही.

अष्टाह : गोठ्याशेजारचे रक्त

नाताळचा सण एका दिवसाचा नाही. तो आठ दिवसांचा अष्टाह आहे, आणि नाताळकाळ त्यानंतरही प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. या अष्टाहाची रचना पाहिली की कोणीही चकित व्हावे. २५ तारखेला जन्म, आणि दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेला पहिला हुतात्मा संत स्तेफन. २८ डिसेंबरला हेरोदाने मारविलेली बेथलेहेमची निष्पाप बालके. २९ तारखेच्या वाचनात वृद्ध सिमियोन मरियेला सांगतो की तिच्या जिवातून तलवार आरपार जाईल. बाळ अजून कुशीत आहे आणि क्रुसाची चाहूल लागलेली आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली. तो रविवार होता. नाताळनिमित्त वेलंकणीच्या मातेच्या दर्शनास आलेले शेकडो भाविक समुद्रकिनाऱ्यावर लाटांत सापडून मरण पावले. वेलंकणीची वारी करणाऱ्या आपल्या भागात ती बातमी नाताळच्या फराळाची ताटे उचलण्यापूर्वीच पोहोचली होती. त्या आठवड्यात उपासना काय करावी हे कोणाला नव्याने शोधावे लागले नाही. निष्पाप बालकांचा दिवस पंचांगात होताच.

या २८ डिसेंबरविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात मत्तय यिर्मयाची आठवण देतो : रामा येथे आक्रोश ऐकू येतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि सांत्वन करून घेण्यास ती तयार नाही. सांत्वन नाकारणाऱ्या आईला मत्तय दटावत नाही. तिला तो शुभवर्तमानात तशीच राहू देतो. जुन्या उपासनाविधीत हा दिवस रविवारी आला नसेल तर जांभळा रंग वापरीत आणि महिमागीत व आलेलुया गाळीत. नाताळच्या चौथ्या दिवशी ख्रिस्तसभा बेथलेहेमच्या आयांबरोबर दुखवटा पाळीत असे. आज हुतात्म्यांचा लाल रंग वापरला जातो. वाचन मात्र तेच आहे. ज्या मातांचे मूल पोटातच गेले किंवा जन्मून थोडे दिवसच राहिले, त्यांना आम्ही सुचवितो की २५ तारखेस मंदिरात येणे जड वाटले तरी २८ तारखेच्या मिस्साला या. तो दिवस तुमचा आहे. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपविते, त्यांच्यासाठी अंत्यविधीही आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (क्रमांक १२६१) हे स्पष्ट सांगितले आहे.

नाताळात मृत्यू झाल्यास

यावर गैरसमज फार आहेत. २५ डिसेंबर हा बंधनकारक महोत्सव असल्याने त्या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. पण दफनविधी थांबत नाही. शब्दविधी, प्रार्थना व आशीर्वादासह तो मंदिरात व दफनभूमीत करता येतो, आणि मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा त्यानंतर अर्पण करता येते. "आमच्या माणसाला मिस्साविना पुरले" हे शल्य मनात बाळगण्याचे कारण नाही. २६ डिसेंबरपासून अष्टाहात अंत्यविधीची मिस्सा होऊ शकते. पहिल्या वर्षश्राद्धाची मिस्साही अष्टाहातील वारी घेण्यास मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचना (क्रमांक ३८१) परवानगी देतात. नाताळच्या दिवसांत मृतांचे नाव घेणे अशुभ आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण कधीच नव्हती.

आणखी एका दुःखाविषयी आपण कुजबुजत बोलतो. घरातील कोणी आपल्या हाताने जीवन संपविले असेल तर त्या घराचा पहिला नाताळ फार कठीण जातो. शोकात लाज मिसळलेली असते. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत अशा व्यक्तीस धर्मविधीने दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेतून तो उल्लेख वगळण्यात आला. गंभीर मानसिक व्याधी किंवा असह्य भीती यांमुळे अशा कृत्याची जबाबदारी कमी होते, आणि त्या व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक २२८२ व २२८३) शिकवितो. अशा घरी नाताळच्या भेटीस जाणे टाळणाऱ्या शेजाऱ्यांनी हे वाचावे.

संत तेरेजाचा नाताळ

लिझ्यूची संत तेरेजा साडेचार वर्षांची असताना, १८७७ साली, तिची आई वारली. त्यानंतर ही हसरी मुलगी क्षुल्लक कारणाने रडू लागली. आईच्या जागी मानलेली बहीण पोलीन १८८२ मध्ये मठात गेली, १८८६ च्या ऑक्टोबरात मारीही गेली. त्याच वर्षी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून कुटुंब घरी परतले. शेगडीजवळ ठेवलेल्या बुटांत लहान मुलांसाठी भेटवस्तू ठेवण्याची तेथे पद्धत होती. थकलेल्या वडिलांच्या तोंडून सहज निघून गेले की यंदा हे शेवटचेच वर्ष, बरे झाले. जिना चढणाऱ्या तेरेजाने ते ऐकले आणि तिचे डोळे भरून आले. इतक्यात खाली जाऊ नकोस, असे सेलीनने तिला सांगितले. पण तेरेजाने अश्रू आवरले, ती खाली गेली आणि वडिलांसमोर आनंदाने एकेक वस्तू काढू लागली. वडीलही हसू लागले. आपल्या मनाचे जे बळ आईच्या मृत्यूबरोबर हरपले होते ते त्या रात्री परत मिळाले, असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे.

ही गोष्ट प्रवचनांतून "बघा, संतांनी अश्रू कसे गिळले" अशा थाटात सांगितली जाते, ते आम्हांस रुचत नाही. तेरेजा त्या घटनेला प्रभूची कृपा म्हणते, स्वतःचा पराक्रम म्हणत नाही. शिवाय मधली नऊ वर्षे कोणी विसरू नये. नऊ नाताळ ती रडकी मुलगी रडकीच होती, आणि त्या घराने तिला सांभाळले. ज्याला यंदा हसता येत नाही, त्याला पुढील नाताळापर्यंतची, किंवा त्यापुढच्याही नाताळापर्यंतची सवलत त्याच्या घराने व धर्मग्रामाने द्यावी.

घरात काय करावे?

दुखवट्याच्या पहिल्या वर्षी अनेक घरांत फराळ करीत नाहीत, चांदणी लावीत नाहीत. शेजारीपाजारी आपल्याकडचे ताट पाठवितात. ही रीत चांगली आहे. ती दुःखाला जागा देते आणि त्या घराला एकटेही पाडत नाही. मात्र चांदणी न लावणे हा धर्मनियम नाही. घरात लहान मुले असतील आणि त्यांना ती हवी असेल तर खुशाल लावावी. आजोबा गेले म्हणून सहा वर्षांच्या नातवाचा नाताळ रद्द करण्याची गरज नाही.

गोठा मात्र प्रत्येक घरात असावा, असे आमचे मत आहे. मोठा देखावा नको. बाळ, मरिया आणि योसेफ एवढे पुरे. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी गोठ्याविषयी लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट नमूद केली होती : परंपरेने गोठ्याच्या देखाव्यात पडक्या घरांचे व जुन्या इमारतींचे अवशेष दाखविले जातात, आणि जे मोडले आहे ते सावरण्यास येशू आला याची ती खूण आहे. गोठा ही सजावट असती तर दुःखाच्या घरात तो विसंगत ठरला असता.

मध्यरात्रीच्या मिस्साची गर्दी, नवे कपडे, शुभेच्छांचा गलबला हे सोसवत नसेल तर पहाटेच्या मिस्साला जावे. नाताळसाठी सायंकाळ, मध्यरात्र, पहाट व दिवस अशा चार मिस्सा नेमलेल्या आहेत, आणि कोणत्याही एकीने बंधन पूर्ण होते. आजारी माणसे व त्यांची शुश्रूषा करणारे यांना हे बंधन लागू नाही. त्यांनी कार्यालयात नाव द्यावे म्हणजे ख्रिस्तशरीर घरी आणता येईल. जेवणाच्या वेळी गेलेल्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. ते नाव टाळून सगळ्यांनी ताटाकडे पाहत बसणे अधिक जड जाते.

भेटीस जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. "देवाला तो अधिक प्रिय होता", "निदान नाताळला तरी रडू नका" अशी वाक्ये घरीच ठेवून जावे. लाजरसच्या कबरेकडे जाताना प्रभू येशूनेही मार्था व मरियेला तसे काही म्हटले नाही, तो रडला. नाताळगीते गाणाऱ्या तरुणांनी दुखवट्याचे घर न विचारता वगळू नये आणि न विचारता आत शिरूही नये. आधी एकाने जाऊन विचारावे. पुष्कळदा उत्तर येते, "एकच गाणे म्हणा, हळू म्हणा."

शोक आणि आजार यांतील फरकही लक्षात ठेवावा. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकून राहिली, झोप व भूक गेली, कशातच मन लागेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले तर दोन आठवडे थांबूच नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टर गाठावेत. यात श्रद्धेला कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येते. धर्मगुरूंकडे यायचे असेल तर सणाच्या धावपळीत त्यांना त्रास नको म्हणून थांबू नये. २४ तारखेस पापनिवेदनाच्या रांगा असतात, हे खरे. पण २६ ला सकाळी मंदिर बरेच रिकामे असते.