नव्या नावाचा जुना ताप

रोवणी आटोपून धान वाढू लागलं की आपल्या गोंदिया जिल्ह्यात तापाचे दिवस येतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड ही नावं तुम्हाला पाठ आहेत. चौथं नाव अनेकांनी 2018 मध्ये पहिल्यांदा ऐकलं. त्या पावसाळ्यात विदर्भातून आणि लगतच्या मध्य प्रदेशातून स्क्रब टायफसचे रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागले, काही दगावले, आणि 'नवा आजार आला' अशी चर्चा झाली.

आजार मुळीच नवा नाही. जपानमधल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना तो फार पूर्वीपासून माहीत होता. त्याच्या जंतूच्या नावातला 'सुत्सुगामुशी' हा शब्द तिथलाच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणारे कितीतरी सैनिक या तापाने आडवे झाले. तेव्हा नेमकं औषधच नव्हतं. 1948 मध्ये क्वालालंपूर इथे क्लोरॅम्फेनिकॉलने रुग्ण बरे होतात असं दिसलं. पुढे डॉक्सिसायक्लिन आलं, स्वस्त आणि गुणकारी.

तरीही माणसं दगावतात, कारण आजार ओळखायला उशीर होतो. गवत-झुडपांत राहणाऱ्या, उंदरांवर पोसणाऱ्या चिगर नावाच्या किड्यातून हा जंतू आपल्यात येतो. किडा इतका बारीक की चावल्याचं कळत नाही. साधारण आठ-दहा दिवसांनी ताप भरतो. चावलेल्या जागी काहींना सिगारेटचा चटका लागल्यासारखी काळी खपली येते. ती बहुधा दुखत नाही, आणि असते कुठे? काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली. रुग्ण लाजून सांगत नाही, घाईत असलेला डॉक्टर कपडे बाजूला करून पाहत नाही. (आम्हा डॉक्टरांची ही चूक मी नाकारणार नाही.) म्हणून तुम्हीच अंघोळीच्या वेळी शोधा आणि दाखवा. खपली नसली तरी शेतात, गवतात काम केलं होतं हे सांगा.

आणखी एक घोळ नावाचा. टायफॉइडशी याचं काही नातं नाही. टायफॉइडवर आपण सर्रास देतो ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं इथे चालत नाहीत, कारण हा जंतू पेशींच्या आत दडतो. दिवस मात्र वाया जातात. तोवर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर परिणाम होऊ शकतो.

अशा गंभीर रुग्णांना कोणतं औषध द्यावं, याचं चांगलं उत्तर 2023 मध्ये आपल्याच देशातून मिळालं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या अनेक रुग्णालयांत सुमारे 800 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना शिरेतून डॉक्सिसायक्लिन, काहींना अ‍ॅझिथ्रोमायसिन, काहींना दोन्ही दिलं. मृत्यू, न ओसरलेली गुंतागुंत किंवा टिकून राहिलेला ताप, यांपैकी काही ना काही एकच औषध घेतलेल्या दोन्ही गटांत जवळपास निम्म्या रुग्णांत दिसलं. दोन्ही औषधं घेतलेल्यांत तिघांपैकी एकात. नुसत्या मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ही जोडी रुग्णालयात भरती झालेल्या गंभीर रुग्णांसाठी आहे. लवकर ओळखलेल्या साध्या तापाला सहसा एकच औषध पुरतं, आणि योग्य औषध सुरू झालं की दोनेक दिवसांत ताप उतरू लागतो.