नीतिभानाचे मानसशास्त्र आणि गोष्टीचे वाचन

माणसाच्या ठायी नीतिभान कसे विकसित होते, या प्रश्नाला विसाव्या शतकातील मानसशास्त्राने दिलेल्या उत्तरांचा इतिहास बहुधा सिद्धान्तांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु या सिद्धान्तांचा मोठा आधार मुलांना सांगितलेल्या गोष्टी हाच आहे. त्यामुळे हा इतिहास वाचनाचा इतिहास म्हणूनही तपासता येतो.

झाँ पियाजे याचा मुलांच्या नैतिक निर्णयावरील ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. गोट्यांचे नियम मुले कशी पाळतात व बदलतात, याचे निरीक्षण त्यात आहे. तशाच जोडगोष्टीही आहेत. एका गोष्टीत जेवायला निघालेला मुलगा दार उघडतो आणि दारामागे ठेवलेले १५ पेले नकळत फुटतात. दुसरीत आई घरात नसताना मुरंबा चोरून घेताना मुलाच्या हातून एकच पेला फुटतो. अधिक दोषी कोण? लहान मुले पुष्कळदा पेले मोजतात, मोठी हेतू पाहतात. वडीलधाऱ्यांच्या धाकातून आलेली नीती ओसरून समवयस्कांच्या सहकार्यातून स्वायत्त नीती घडते, असा निष्कर्ष पियाजेने काढला. याच ग्रंथात, खेळांच्या निरीक्षणावरून, मुलींची न्यायिक जाण मुलांपेक्षा कमी विकसित असते, असेही त्याने नोंदवले.

लॉरेन्स कोलबर्गने १९५८ साली शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात गोष्टीला पेचाचे रूप दिले. हाइन्झची पत्नी मरणासन्न आहे. औषध बनवणारा २०० डॉलरच्या रेडियमपासून केलेल्या मात्रेचे २००० डॉलर मागतो, आणि हाइन्झजवळ सुमारे १००० डॉलरच जमतात. त्याने औषध चोरावे काय? कोलबर्गने उत्तराच्या होकार-नकारापेक्षा त्यामागील युक्तिवादाला महत्त्व दिले आणि त्यावरून विकासाचे सहा टप्पे कल्पिले. मात्र प्रबंधासाठी प्रश्न विचारले गेले ते केवळ मुलग्यांना.

कॅरल गिलिगनने १९८२ साली अकरा वर्षांच्या दोघांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली. जेकच्या मते मालमत्तेपेक्षा जीव मोलाचा, म्हणून चोरी समर्थनीय. एमी मात्र विचारते, पैसे उसने मिळणार नाहीत का? हाइन्झ तुरुंगात गेला आणि पत्नी पुन्हा आजारी पडली तर काय? औषधवाल्याशी बोलून काही मार्ग निघणार नाही का? कोलबर्गच्या मापनात एमी जेकहून एक पूर्ण टप्पा मागे पडते.

समीक्षेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे आहे. जेक गोष्टीची चौकट मान्य करून तिच्यातील कोडे सोडवतो. एमी त्याच संहितेतील माणसांना भूतकाळ व भविष्यकाळ देते, आणि शेवट प्रश्नकर्त्याने ठरवला तेथेच आहे हे नाकारते. कादंबरीच्या वाचकात जो गुण आपण वाखाणतो, तो येथे उणीव ठरला. मापन नीतीचे होत होते की एका विशिष्ट वाचनपद्धतीचे, हा प्रश्न त्यामुळे अटळ होतो.

गिलिगनचे म्हणणे मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. लॉरेन्स वॉकर याने १९८४ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कोलबर्गच्या मापनात स्त्री-पुरुषांत लक्षणीय तफावत क्वचितच आढळली. स्वतः गिलिगननेही हा वेगळा स्वर लिंगावरून नव्हे, आशयसूत्रावरून ओळखावा असे म्हटले होते. म्हणजे मुली मागे पडतात, हे विधान टिकत नाही. पण एमीच्या वाचनाने उभा केलेला आक्षेप टिकून राहतो.

गोष्ट हे निव्वळ पारदर्शक साधन आहे, असे संशोधकांनी गृहीत धरले. वस्तुतः कोणते तपशील द्यायचे, कोणते गाळायचे आणि निवेदन कोठे थांबवायचे, या निवडींतच प्रौढतेची एक कल्पना आधीच शिरलेली होती. मुलाला 'मागासलेले' ठरवण्यापूर्वी त्याने गोष्ट कशी वाचली हे विचारणे, ही समीक्षेने मानसशास्त्राला करावयाची रास्त सूचना होय.