दोन्ही बाजूंना एकच इंजिन

गाय हॅमिल्टनच्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ला नावं ठेवणं फार सोपं आहे. लॉरेन्स ऑलिव्हिए, मायकेल केन, ख्रिस्तोफर प्लमर, रॉबर्ट शॉ अशी नटांची फौज, पण धड भूमिका फारशी कुणाच्याच वाट्याला नाही. प्लमर आणि सुझाना यॉर्क यांच्या नवरा-बायकोच्या धुसफुशीसाठी लढाई मध्येच खोळंबते. विमानं उडाली की सगळ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मुखवटे, त्यामुळे पेटलेल्या कॉकपिटमध्ये कोण होता हे कळेपर्यंत पुढचं विमान कोसळलेलं असतं. तरीही हवाई युद्धपटांचे शौकीन १९६९ सालचा हा चित्रपट आजही पुन्हा पुन्हा बघतात, ते त्यातल्या विमानांसाठी.

जुलै ते ऑक्टोबर १९४० दरम्यान इंग्लंडच्या आकाशात झालेली लढाई १९६८ साली उभी करायची, तर विमानं आणायची कुठून? ती संगणकावर काढण्याचे दिवस अजून लांब होते. निर्माते हॅरी साल्ट्झमन आणि बेन फिश यांनी ही कामगिरी रॉयल एअर फोर्सचे निवृत्त ग्रुप कॅप्टन हमिश महॅडी यांच्यावर सोपवली. संग्रहालयांत ठेवलेली, तळांच्या फाटकांपाशी शोभेला उभी केलेली स्पिटफायर त्यांनी हुडकून काढली. त्यांतली डझनभर पुन्हा उडू लागली. हरिकेन मात्र उडती मिळाली जेमतेम तीन.

प्रत्यक्ष लढाईत ब्रिटिश वैमानिकांनी पाडलेल्या जर्मन विमानांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेननी पाडली होती. पडद्यावर भाव खाऊन जातं ते स्पिटफायर. पण हा दोष पटकथेचा कमी आणि भंगारबाजाराचा जास्त.

जर्मन ताफा मिळाला स्पेनमध्ये. मेसरश्मिट १०९ आणि हाइंकेल १११ यांच्या तिथे परवान्यावर बांधलेल्या आवृत्त्या स्पॅनिश हवाई दलाकडे अजून होत्या. फक्त जर्मन इंजिनं मिळेनाशी झाल्यावर स्पेनने त्यांत रोल्स-रॉइसचं मर्लिन बसवलं होतं, म्हणजे स्पिटफायर आणि हरिकेनचंच इंजिन! त्यामुळे चित्रपटात मारणारं आणि मरणारं, दोन्ही विमानं एकाच कंपनीच्या इंजिनावर उडतात. जाणकारांना ही सोंगं लगेच ओळखू येतात. खऱ्या १०९ मधलं डायमलर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला दिसत. १०९ च्या स्पॅनिश आवृत्तीत, म्हणजे ‘बुचोन’मध्ये, त्या वर दिसतात आणि नाकाखाली हनुवटी सुटल्यासारखा फुगवटा येतो. अर्थात, मेसरश्मिटला हे नवं नव्हतं. १९३५ साली १०९ चा पहिला नमुना उडाला, तोही रोल्स-रॉइसच्या केस्ट्रेल इंजिनावरच.

चित्रीकरणासाठी एक बी-२५ बाँबर भडक रंगांत रंगवून त्यावर कॅमेरे चढवले. आकाशात तो लांबूनही ओळखू यावा, हा हेतू. सल्लागारांत जर्मनीचे अडॉल्फ गॅलंड आणि ब्रिटनचे रॉबर्ट स्टॅनफर्ड टक, म्हणजे १९४० साली परस्परांविरुद्ध लढलेले वैमानिक होते. डक्सफर्डच्या तळावरचा बाँबहल्ला दाखवताना तर पहिल्या महायुद्धाच्या काळातलं एक खरंखुरं हँगरच उडवून देण्यात आलं.

कळसाचा प्रसंग १५ सप्टेंबरच्या लढाईचा. तिथे इंजिनांची घरघर आणि मशिनगनचा खडखडाट एकाएकी बंद होतो आणि उरतं ते फक्त संगीत. विल्यम वॉल्टन यांचं मूळ पार्श्वसंगीत बाजूला ठेवून रॉन गुडविन यांच्याकडून नवं करून घेतलं होतं. ऑलिव्हिए अडून बसले, तेव्हा वॉल्टन यांचा हा एक तुकडा वाचला. कोण कुणाच्या मागे लागलंय याचा पत्ता लागत नाही, ढगांत धुराच्या रेघा गुंतत जातात आणि खुर्चीतला माणूस पुढे सरकून बसतो. मघाशी मुखवट्यांवरून कुरकुर करणाऱ्यालाही इथे चेहऱ्यांची आठवण होत नाही.

ब्रिटनमध्ये चित्रपट चालला, अमेरिकेत आपटला. विमानांचं मात्र भलं झालं. त्यातल्या अनेक स्पिटफायरना पुढे खासगी संग्राहक मिळाले. चित्रपटात मेसरश्मिट उडवणारे टेक्सासचे कॉनी एडवर्ड्स यांनी मेहनतान्यापोटी काही बुचोन आणि एक स्पिटफायर घेतलं. त्यांचे बुचोन टेक्सासच्या हँगरमध्ये दशकानुदशकं पडून होते. २०१४ साली ते विकले गेले आणि त्यांतले काही दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले. क्रिस्तोफर नोलनच्या २०१७ सालच्या ‘डंकर्क’मध्येही मेसरश्मिटच्या जागी उडवलं गेलं ते बुचोनच.