गायरान मोजायचं ते जनावरांवरून की गवतावरून?

काल गायरानात पुन्हा तारेची चौकट टाकली, मीटर बाय मीटरची. पोरं हसतात, हसू देत. मागच्या ग्रामसभेत चराई बंद करायचा विषय निघाला, "जनावरं फार झालीत" म्हणून. फार म्हणजे किती, हे मात्र कुणाला सांगता येईना.

हे भांडण जुनं आहे. १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात दंड जनावरावर होता: हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. (आपल्या माणदेशात हत्ती कोण चारायला आणणार होतं देव जाणे.) १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलातली चराई आवळली. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यानं गायरानं गिळल्याची तक्रार मांडली. जनावर मोजलं, आणे मोजले. खालच्या गवताचं काय?

गवत बघायची रीत नीट बसली ती पुढं. १९४९ साली अमेरिकेत डिक्स्टरह्यूस यांनी गवतांचे तीन गट पाडले: चराईनं आधी कमी होणारी, मग वाढणारी, आणि शेवटी बाहेरून घुसणारी. आपल्याकडं दबडघाव आणि शंकरनारायण यांचं भारतातल्या गवतांवरचं पुस्तक १९७३ ला आलं. त्यात देशाच्या कुरणांचे पाच प्रकार आहेत आणि दख्खनचं पठार पवन्या-मारवेलच्या प्रकारात येतं. म्हणजे आपल्या माळावर मूळची जागा पवन्या-मारवेलची.

आता माझ्या चौकटीत काय? वरच्या टेकाडावर कुसळीच कुसळी. कोवळी असताना मेंढरं खातात, पण पक्की झाली की कुसळ लोकरीतून कातडीत घुसतं. मारवेल फक्त ओढ्याकडेला आणि बोराटीच्या आडोशाला, जिथं तोंड पोचत नाही तिथं. धनगर आज्ज्यांना हे पुस्तकाआधी माहीत होतं. कुसळी वाढली की ते म्हणायचे, माळ थकला.

वजनाचा हिशोब असा. फुलोऱ्यानंतर दहा ठिकाणचं गवत कापून वाळवलं, सरासरी चौरस मीटरला २०० ग्रॅम. हेक्टरी २ टन. निम्मं मुळांसाठी आणि जमिनीसाठी सोडायचंच, राहिलं १ टन. ३०० किलोच्या गाईला रोज साधारण ७ किलो वाळला चारा, वर्षाला अडीच टन. म्हणजे एका गाईला अडीच हेक्टर, सहा एकराच्या वर! आपलं ४० हेक्टर गायरान वर्षभर १६ गाई पोसेल. गावात जनावरं किती, ते तुम्हीच मोजा.

पण हा आकडा ग्रामसभेत तसाच फेकू नका. एक तर तो एका पावसाचा आहे. दुष्काळात तो कोसळतो. दुसरं, वर्षभराचा भागाकार मेंढपाळाला लागू होत नाही. पाऊस संपला की आपले धनगर कोकणात उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. माळावर मेंढरं महिने मोजून राहतात, बारा महिने नाही. त्यांना हद्दपार करून दावणीच्या गाई ठेवल्या तर माळाचं भलं होईल, हे मला पटत नाही.

पुढच्या सभेत मी बंदीच्या विरोधात बोलणार आहे. ओढ्याकडची चौथाई जागा दोन पावसाळे राखा, मारवेलला बी धरू द्या, बाकी चराई चालू ठेवा. चौकट उसनी हवी असेल त्यानं घरी यावं, फक्त कापलेलं गवत म्हशीला घालण्याआधी वजन करा. मागल्या वर्षी माझे दोन नमुने असेच गेले.