बोटांची टक्केवारी आणि जातीचा रकाना

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या हाताचा हिशोब लिहिलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरतात. तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधले बोट १२, करंगळी ७. चाकणच्या पॉवर प्रेसवर हात गमावलेल्या पोरांना ही टक्केवारी दवाखान्यातच पाठ होते. पण प्रेसखाली कोणाचा हात जातो, हे कोणत्याच परिशिष्टात नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि तो शोध मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो.

गिरणीत सर्वांत चांगली मजुरी विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागतो, मग महाराने उष्टावलेला धोटा सवर्णाने तोंडाला कसा लावायचा? खरे तर तोंडाने धागा ओढणे हीच आरोग्याला घातक पद्धत होती. रुईचे कण आणि दुसऱ्याची थुंकी थेट तोंडात जाई. धोका सगळ्यांनाच होता, पण चर्चा झाली ती विटाळाची. आपल्या माणसांच्या वाट्याला मुख्यतः सूत कातण्याचे रिंग खाते आले. तिथे मजुरी कमी आणि हवेत रुईची धूळ विणकामापेक्षा जास्त. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामाला गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची ओळख. पुढे दम कायमचा बसतो.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी करा, नाहीतर आमच्या लोकांनी संपात का यावे, असा त्यांचा सवाल होता. कामगार पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मागण्यांत घातली. मालकांनी उलट सुनावले, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. या बाबतीत मालक खोटे बोलत नव्हते, हेच लाजिरवाणे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी सांगितले, त्यामागे हा धोटा होता. ते वाक्य फलकावर लिहिणाऱ्यांनी धोट्याची गोष्टही सांगावी.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम सदस्य झाले. त्यांच्या काळात नेमलेल्या प्रा. अडारकरांनी १९४४ मध्ये कामगार आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. कायदा मंजूर झाला तेव्हा श्रम खाते जगजीवन राम यांच्याकडे होते, पण पाया आधी घातला गेला होता. दुखापत हे नशीब किंवा मागच्या जन्मीचे कर्म नसून तो हक्काचा दावा आहे, ही क्रांती एका कायद्याच्या कलमांत बसली. याच काळातली एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठवली गेली, आणि सभागृहात त्या निर्णयाचा बचाव बाबासाहेबांनी केला. मजुरी पुरुषांइतकी मिळेल यावर त्यांचा भर होता. १९४६ मध्ये बंदी परत आली. भक्तीने लिहिणारे हे वगळतात. मला ते वगळायचे कारण दिसत नाही.

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसवली गेली. त्या विहारापासून तळवडे लांब नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी, महापरिनिर्वाण दिनानंतर दोनच दिवसांनी, तळवड्यात केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. मृतांत बहुतेक महिला होत्या. पुढचे काही दिवस दवाखान्यातून आकडा वाढतच राहिला. त्याआधी ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात अनेक जण जळाले, त्यांपैकी १५ महिला.

या महिलांची जात मी सांगू शकत नाही, कारण अपघाताच्या फॉर्ममध्ये वय, लिंग, काम विचारतात, जात नाही. जिथे मोजली तिथे काय दिसले? डिसेंबर २०२१ मध्ये रामदास आठवले यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार, हाताने मैला साफ करणाऱ्यांपैकी ज्यांची जात नोंदली गेली असे ४३,७९७ जण होते. त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे. म्हणजे ९७ टक्क्यांहून जास्त. कारखान्यांतही जात मोजा, मग 'इथे जात चालत नाही, काम चालते' असे म्हणणाऱ्यांशी बोलू.

तोपर्यंत निदान एवढे तरी वस्तीत सांगत फिरा. ठेकेदार अपघात झाल्यावर घाईघाईने ईएसआय कार्ड काढतो, आणि जखमी पोरगा समजतो की आधी नाव नव्हते म्हणून काही मिळणार नाही. तसे नाही. कायदा लागू असलेल्या कारखान्यात कामावरच्या दुखापतीसाठी पहिल्या दिवसापासून हक्क लागतो. मालकाने वर्गणी भरली नसेल तर महामंडळ ती त्याच्याकडून वसूल करते. तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताची तारीख, पाळी, मशीन आणि साक्षीदार त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या, ठेकेदाराच्या माणसाने दिलेल्या कोऱ्या कागदावर सही करण्याआधी.