जुनी पेटी, नवा आवाज

श्रोतेहो, शाळेच्या माळ्यावर जुन्या रेडिओची लाकडी पेटी पडून असेल, तर जळणात घालण्याआधी जरा थांबा.

१९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या धर्तीचा लाउडस्पीकर सिद्ध केला. कागदी शंकूला तारेचे वेटोळे. ते चुंबकाच्या खाचेत हलले की शंकू हवा ढकलतो. पण शंकूच्या मागची लाट पुढे आली, तर दोन्ही लाटा एकमेकींना मारतात नि डग्ग्याचा घुमार हरवतो. पेटीची फळी तिला अडवते. शेताला बांध, तशी आवाजाला फळी!

कागद फाटला तर नवा स्पीकर बसतो. मेख एवढीच, की त्या काळी कायमचे चुंबक दुबळे. म्हणून स्पीकरमध्ये विद्युतचुंबक असे. त्याचे वेटोळे रेडिओच्या विजेतली घरघरही गाळी. ते काढले, तर त्याजागी योग्य मापाचा चोक आणि रोधक हवाच. शिवाय रेडिओ बंद केल्यावरही आत वीज साठून राहते. तेव्हा काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्या.

आणि गुरुजी, फळीला नवे भोक पाडू नका. जुन्या भोकाच्या मापाचा स्पीकर शोधा. म्हणजे मुलांना इतिहास दाखवता येईल आणि ऐकवताही येईल.